चंदनविहार टोल्याचा डीपी

यादी वाचता वाचता मी सातव्या ओळीवर थांबले. तिथं लिहिलं होतं, 'चंदनविहार टोला, घरे अकरा, वीज नाही.' मी देवाजीभाऊंना आत बोलावलं. देवाजीभाऊ म्हणजे आमच्या कार्यालयातले सर्वांत जुने लाइनमन. तालुक्यातला जवळपास प्रत्येक खांब त्यांनी कधी ना कधी चढून पाहिलेला.

"भाऊ, हा कोणता टोला?"

त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, चष्मा काढला.

"मॅडम, हा तर गोपालसेठचा लेआउट आहे ना जी. टोला कधी झाला?"

"आज सकाळी झाला. वरून यादी आली आहे."

मी वीज वितरणात चौतीस वर्षं नोकरी केली. ही गोष्ट घडली तेव्हा मी वडशाकडच्या एका तालुक्यात कंपनीच्या उपविभागाची अधिकारी होते. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते सगळे सुखरूप आहेत, आणि त्यातल्या काहींचे तर सत्कारही झाले आहेत.

टोला म्हणजे काय हे आधी सांगते. आमच्याकडे जंगलपट्ट्यात मूळ गावापासून कोस-दोन कोसांवर पंधरा-वीस घरांची वस्ती असते. तिला टोला म्हणतात. तिथपर्यंत लाइन नेणं महाग पडतं आणि तिथल्या माणसांकडून तो खर्च वसूल होणार नसतो. म्हणून सरकारी योजना असते. खांब, तार, डीपी, सगळं सरकारच्या पैशानं. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. मोठ्या लाइनमधून अकरा हजार व्होल्टची वीज येते, ती डीपी घरात चालेल इतकी खाली उतरवतो. दारावरून लाइन गेली आणि डीपी नसला, तर तुम्ही नुसती लाइनीकडे बघत बसायचं.

लेआउटचं गणित वेगळं. कोणी शेतजमीन घेतो, तिचे प्लॉट पाडतो, विकतो आणि नफा कमावतो. तिथं लागणारा डीपी, खांब, तारा हा खर्च त्यानंच करायचा. कंपनी एस्टिमेट काढून देते, तो मान्यताप्राप्त ठेकेदाराकडून काम करून घेतो, कंपनी देखरेख करते, काम तपासून ताब्यात घेते. यात न समजण्यासारखं काही नाही. तरी माझ्या नोकरीत मला असा एकही प्लॉटवाला भेटला नाही, ज्याला हे पहिल्या भेटीत समजलं.

गोपालसेठची राइस मिल होती. गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून त्यानं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, घेतली, सपाट केली आणि चंदनविहार उभं केलं. चंदनाचं झाड तिथं कधी नव्हतं. कमान मात्र होती, आणि कमानीवर सिमेंटचे दोन सिंह. रंगीत पत्रकात लिहिलं होतं, 'वीज, पाणी, डांबरी रोड, गार्डन, ध्यानकेंद्र.' वीज सगळ्यांत पहिली. आणि ती दिसावी म्हणून सेठनं आतल्या रस्त्यावर चोवीस दिव्याचे खांब उभे केले होते. चांदीच्या रंगाचे, वर पांढरे दिवे. खांबात तार नव्हती. जमिनीखाली केबल नव्हती. देवाजीभाऊंनी एका खांबाला टेका दिला तर तो हलला. पण रविवारी दुपारी प्लॉट बघायला येणाऱ्या माणसाला खांब दिसतो, वर दिवा दिसतो, आणि दुपारी दिवे बंदच असतात. सेठ माणसांना रविवारी दुपारीच बोलवायचा.

प्लॉट घेतले कोणी? शाळामास्तर, बँकेतला कारकून, एसटीचा कंडक्टर, दवाखान्यातली नर्स. ज्यांच्याकडे आयुष्यात एकदाच घर बांधण्याइतके पैसे येतात अशी माणसं. घरं झाली, आणि मग ती मीटर मागायला आमच्याकडे आली. मीटर कुठून देणार? डीपीच नाही.

सेठनं यावर उपाय आधीच काढला होता. कमानीच्या बांधकामासाठी त्यानं आमच्याकडून टेम्पररी कनेक्शन घेतलं होतं. हे कनेक्शन काही महिन्यांपुरतं असतं, एका मीटरवर, फक्त बांधकामासाठी. सेठनं त्याच मीटरवरून बांबू रोवून अकरा घरांना वायर ओढून दिली. पंख्याचे इतके, फ्रिजचे इतके, असे दरमहा पैसे घ्यायचा. कमान बांधून झाली, सिंह रंगवून झाले, तरी कनेक्शन चालूच. मुदत संपली की अर्ज यायचा, 'काम अपूर्ण असल्याने मुदतवाढ मिळावी.'

मुदतवाढीवर सही माझी होती. दोनदा. अकरा घरं त्या वायरवर आहेत हे मला माहीत होतं. आमच्या विभागाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "द्या वाढवून, लोकांची सोय होतेय." मी दिली. अंधारात ठेवण्यापेक्षा बरं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला सेठशी भांडण नको होतं, आणि साहेबांशी तर मुळीच नको होतं. त्याला मी लोकांची सोय असं नाव दिलं.

श्रावणात एका सकाळी, सतत लागून राहिलेला पाऊस जरा उघडला असताना, एक बांबू कलला. वायर मडावी सिस्टरांच्या घराच्या जाळीच्या कुंपणावर आली. वायर जुनी, वरचं प्लास्टिक उकललेलं. सिस्टरची आई धुतलेलं लुगडं कुंपणावर वाळत घालायला गेली आणि तिथंच चिकटली. शेजारच्या कंडक्टरनं लाकडी फळीनं तिला बाजूला लोटलं म्हणून म्हातारी वाचली. उजवा हात भाजला. पुढे तीन बोटं कधीच वळली नाहीत.

सिस्टर तेव्हा घरी नव्हती. ती भामरागडकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती, बारा वर्षांपासून. मूळची तिकडचीच. मुलीला कॉलेज जवळ पडावं म्हणून तिनं इकडे कर्ज काढून घर बांधलं होतं आणि आईला मुलीसोबत ठेवलं होतं. आईला शॉक लागल्याचा निरोप तिला दुसऱ्या दिवशी मिळाला, कारण टॉवर बंद होता. मिळाल्यावर तिला निघता येईना, कारण पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहत होतं. पाच दिवस ती नदीच्या पलीकडे बसून होती.

चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला की मीटरच्या पुढची वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी. म्हणजे कंपनी सुटली. ग्राहक म्हणजे सेठ. सेठनं लिहून दिलं की वायर लोकांनी आपापल्या मर्जीनं ओढल्या. म्हणजे सेठ सुटला. उरली म्हातारी. तिच्याबद्दल अहवालात लिहिलं, 'ओल्या कपड्यासह कुंपणास स्पर्श केल्याने.' सेठनं माणुसकी म्हणून एक कट्टा तांदूळ पाठवला. सिस्टरच्या मुलीनं तो दारातूनच परत केला.

सहाव्या दिवशी सिस्टर माझ्यासमोर बसली. ती ओरडेल म्हणून मी तयारीत होते. दवाखान्यात पत्ता लिहून घेतात त्या आवाजात तिनं विचारलं,

"मॅडम, ते टेम्पररी कोणाच्या सहीनं चालू होतं?"

"माझ्या."

"किती घरं त्याच्यावर आहेत, तुमाले माईत होतं?"

"होतं."

तिनं मान हलवली.

"बरं," म्हणाली. "मले वाटलं, तुमी नाई म्हणान."

एवढंच. मला शिव्या चालल्या असत्या.

त्याच संध्याकाळी मी टेम्पररी कनेक्शन तोडलं. देवाजीभाऊंनी बांबूवरच्या वायरी स्वतः कापून गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी चंदनविहारची माणसं आमच्या कार्यालयावर आली. सेठनं त्यांच्यासाठी थंड पाण्याचे जार पाठवले होते. 'लाइट मॅडमनं कापली' हेही त्यानंच सांगितलं होतं. मास्तर माझ्यावर सर्वांत मोठ्यानं ओरडले. ज्यानं पत्रकात वीज छापली, खांब उभे केले, पैसे घेतले, त्याच्याकडे कोणी गेलं नाही. तो सेठ होता. मी नोकर होते. नोकरावर ओरडणं सोपं असतं.

आणि मग दोन आठवड्यांनी ती यादी आली. अकरा घरांचा प्रश्न वरच्यावर सुटला होता. चंदनविहार टोला झाला होता. टोल्याचा खर्च सरकार करतं. सेठला एक रुपयाही लागणार नव्हता. मला फक्त जागेवर जाऊन, 'सदर टोला पाहिला, वीज नाही, योजनेस पात्र,' असं लिहून सही करायची होती.

देवाजीभाऊ यादी हातात धरून तसेच उभे होते.

"मॅडम, मांगच्या यादीत सातव्या नंबरवर हिरडीटोला होता."

मी कपाटातून जुनी यादी काढली. बरोबर. हिरडीटोला, घरे बावीस. नव्या यादीत तो कुठंच नव्हता. एक टोला आत घ्यायचा तर एक बाहेर काढावा लागतो, कारण पैसे ठरलेले असतात.

"तिथला सर्व्हे मीच केला होता जी," देवाजीभाऊ म्हणाले. "दोन नाले वलांडून गेलो. खांबाच्या जागेवर चुना टाकून आलो. तिथल्या बायांनी इचारलं, कवा येईन लाइट? मी म्हटलं, येत्या उन्हाळ्यात. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्यांनी यादी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले.

त्याच आठवड्यात सिस्टर पुन्हा आली. हातात प्लास्टिकची फाइल.

"मॅडम, मी सेठले इचारलं, डीपी कोण आणन? तो म्हणे कंपनी. तुमाले इचारलं तर तुमी म्हणता सेठ. मंग मी घरी बसून बँकेची फाइल वाचली."

गृहकर्ज देताना बँक लेआउटच्या परवानगीची प्रत मागते. सेठनं सगळ्यांना झेरॉक्स दिल्या होत्या. सगळ्यांनी त्या बँकेत दिल्या, एक प्रत घरी ठेवली आणि विसरून गेले. सिस्टरनं वाचली. नर्स माणूस, औषधाच्या डब्यातला कागदही शेवटपर्यंत वाचायची सवय.

तिनं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. अट क्रमांक अकरा: रस्ते, नाल्या व वीजपुरवठ्याची संपूर्ण व्यवस्था विकासकाने स्वखर्चाने करावी. अट क्रमांक बारा: मुख्य रस्त्याला लागून असलेले दहा प्लॉट, वरील कामे पूर्ण झाल्याचे दाखले सादर होईपर्यंत, विकता येणार नाहीत.

मी दोन्ही अटी दोनदा वाचल्या. मग उठून टेम्पररी कनेक्शनची आमचीच फाइल काढली. त्यात हाच कागद लावलेला होता. माझ्याच कार्यालयाचा शिक्का त्यावर. ती फाइल माझ्या टेबलावरून तीनदा गेली होती, एकदा कनेक्शन देताना आणि दोनदा मुदतवाढीला. मी शेवटचं पान कधी उघडलं नव्हतं. इंजिनिअर मी आणि वाचलं नर्सनं.

"हे तुमच्याकडे होतं?" सिस्टरनं विचारलं.

"होतं."

या वेळी ती 'बरं' सुद्धा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी देवाजीभाऊंना घेऊन जागेवर गेले आणि अहवाल लिहिला. तो मला अजून पाठ आहे. 'जागेवर टोला आढळला नाही. कमान आढळली. आत डांबरी रस्ता, अकरा पक्की घरे, त्यापैकी चार दुमजली. चोवीस पथदिवे, तारेविना. "प्लॉट विक्रीस उपलब्ध" असा फलक. सदर जागा मंजूर लेआउट असून अट क्रमांक अकरा व बारा सोबत जोडल्या आहेत. वीजव्यवस्थेचा खर्च विकासकाने करणे बंधनकारक आहे. यादीतील सातव्या क्रमांकावर पूर्ववत हिरडीटोला घेण्यात यावा.' एक प्रत साहेबांना आणि एक, लेआउट मंजूर करणाऱ्या कार्यालयाला. दोन्हीकडून पोच घेतली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे कार्यकारी अभियंता. चांगल्या घरचे, हळू बोलणारे. समोर माझा अहवाल होता.

"मॅडम, हे काय लिहिलंय? कमान आढळली?"

"आढळली, साहेब."

"टोला म्हणजे शेवटी वस्तीच ना? लोक राहतात तिथं. त्यांना लाइट नको?"

"हवी. सेठनं द्यावी."

"तुम्ही फार शब्दाला धरून बसता. योजनेचा हेतू बघा. कोणी अंधारात राहू नये हा हेतू आहे."

"मग हिरडीटोल्याला काय सांगू?"

साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं आणि बंद केलं. "त्यांना सवय आहे," ते म्हणाले.

कधी कधी माणूस एका वाक्यात सगळं सांगून मोकळा होतो.

"हा अहवाल परत घ्या," साहेब म्हणाले. "नवीन लिहा."

"मला जमणार नाही."

"ठीक आहे. मी दुसऱ्याला पाठवतो."

दुसरा आला. शेजारच्या तालुक्यातला, माझ्यापेक्षा वयानं लहान. चंदनविहार बघितलं, सेठकडे जेवला, मग माझ्याकडे चहाला आला. मी त्याला फाइल दाखवली. माझा अहवाल, अट अकरा, अट बारा, आणि दुसऱ्या कार्यालयाची पोच. त्यानं पोचेवरचा शिक्का नीट बघितला.

"म्हणजे ही प्रत बाहेर गेली आहे?"

"गेली आहे."

"मॅडम, माझी अजून वीस वर्षं नोकरी आहे," तो म्हणाला, आणि चहा अर्धा ठेवून निघून गेला. दोन दिवसांनी त्यानं आजारपणाची रजा टाकली. त्याच्यानंतर आणखी एकाला पाठवायचं ठरलं होतं, पण त्याचीही तब्येत बिघडली. आमच्या विभागात त्या महिन्यात बरेच लोक आजारी पडले.

या प्रकरणात न्याय झाला असं लोक म्हणतात तेव्हा मला हसू येतं. न्याय वगैरे कोणाला करायचा नव्हता. सगळ्यांना पेन्शन हवी होती. शिक्का मारलेला कागद बाहेर गेला होता आणि त्याच्याखाली आपलं नाव यावं असं कोणाला वाटत नव्हतं. शेवटी साहेबांनीच यादीतून चंदनविहारचं नाव काढलं. हिरडीटोला मात्र परत घातला नाही. मला लेखी उत्तर आलं: 'यादी अंतिम झाली आहे. नाव वगळता येते, समाविष्ट करता येत नाही.' त्या वर्षी ती एक जागा रिकामीच गेली. बावीस घरांना आणखी दोन उन्हाळे थांबावं लागलं.

यादीतून नाव गेलं तेव्हा सेठ स्वतः आला. सोबत मिठाईचा डबा. तो मी टेबलावर ठेवू दिला नाही, म्हणून त्यानं मांडीवर ठेवला.

"मॅडम, रोडवरचे दहा प्लॉट अटकून राह्यले. पेट्रोल पंपवाला गिऱ्हाईक आहे. तुमचा फक्त एक दाखला पायजे, का विजेचं काम पूर्ण झालं."

"झालं की देते."

"होऊनच जाईन ना. तुमी दाखला द्या, मी काम चालू करतो."

"काम करा, दाखला त्याच दिवशी नेऊन देते. घरपोच."

सेठ हसला. मग पुढे वाकून म्हणाला, "तुमची बी रिटायरमेंट जवळ आली. कोपऱ्यावरचा एक प्लॉट मी कोणालेच दाखवला नाई. तुमच्या नावानं ठेवला."

"लाइट आहे का त्यात?" मी विचारलं.

तो डबा घेऊन गेला.

पण सेठ एवढ्यात हार मानणारा नव्हता. त्यानं चंदनविहारात सभा घेतली. मलाही बोलावलं, एस्टिमेट समजावून सांगायला. मी गेले. एका बाजूला गॅसबत्ती, समोर सतरंजी, अकरा घरांतली माणसं. सिस्टर रजेवर होती, ती आईला घेऊन आली होती. आईच्या हाताला अजून पांढरी पट्टी होती.

सेठ फार गोड बोलला. कंपनी अडवते आहे, सरकार अडवते आहे, मीही तुमच्यातलाच एक आहे. तेव्हा आपण सगळे मिळून डीपी आणू. अर्धे मी टाकतो, अर्धे तुम्ही अकरा जण टाका.

मास्तरांनी लगेच मान हलवली. "संपवून टाका ना एकदाचं," ते म्हणाले. बँकेतल्या कारकुनानं तर हप्ते पाडता येतील का विचारलं. ज्या विजेचे पैसे प्लॉटच्या किमतीत एकदा दिले, तीच वीज पुन्हा विकत घ्यायला ही शिकलेली माणसं तयार झाली होती. मी गप्प होते. मला एस्टिमेट समजावायला बोलावलं होतं.

सिस्टर उठली. फाइल उघडली आणि अट अकरा वाचली. मग अट बारा वाचली. मग पुन्हा अट अकरा वाचली, कारण मागे कोणीतरी 'काय, काय' म्हणत होतं.

सेठ म्हणाला, "सिस्टर, तुमी तिकडल्या जंगलातून आल्या. तुमाले हे कायदे कोणी शिकवले?"

"मराठीत लिहिलं आहे जी," सिस्टर म्हणाली. "वाचता येते मले."

"अन् मी नाई केलं तर? बसा मंग अंधारात."

"बसू. तुमचे दहा प्लॉट बी बसतीन. पाहू, कोणाले घाई आहे."

ती खाली बसली. मग कंडक्टर म्हणाला, "मी पैसे देणार नाई." मग त्याच्या बायकोनं तेच म्हटलं. मास्तर सर्वांत शेवटी म्हणाले, आणि असे म्हणाले की जणू ही कल्पना त्यांचीच होती.

पुढचे तीन महिने अकरा घरं कंदील, बॅटरी आणि एका सोलर दिव्यावर चालली. माणसं चिडायची, मला फोन करायची, सिस्टरला फोन करायची. पण पैसे कोणी दिले नाहीत. तिकडे पेट्रोल पंपवाला दुसरी जागा बघायला लागला. तेव्हा सेठला एकाएकी नियम समजला.

त्यानं ठेकेदार लावला. खांब आले, तार आली, डीपी आला. डीपी रंगवलेला होता, चकचकीत. माझी तपासणी होती. डीपीच्या टाकीत तेल असतं, ते आतल्या कॉइलला थंड ठेवतं आणि वीज बाहेर फुटू देत नाही. आम्ही थोडं तेल काढून त्यावर व्होल्टेज देऊन बघतो. चांगलं तेल ते सहन करतं. या तेलात ठिणगी लगेच पडली. देवाजीभाऊंनी नेमप्लेटवरचा रंग नखानं खरवडला. खाली जुना नंबर निघाला. कुठलातरी जळालेला डीपी दुरुस्त करून, रंगवून आणला होता.

"सेठ म्हणे, कोण पाह्यते आतमध्ये," ठेकेदार म्हणाला. त्याला वाटलं, मी हसेन.

तो डीपी परत गेला. नवीन यायला आणखी एक महिना लागला.

डीपी चार्ज करायच्या, म्हणजे त्यात पहिल्यांदा वीज सोडायच्या दिवशी मंडप होता. डीपीच्या कुंपणाला फीत बांधली होती. पाहुणे होते, साहेब होते, सेठ फेटा बांधून होता. कुंपणावर संगमरवरी पाटी लावली होती, 'श्री. गोपालसेठ यांच्या सौजन्याने.' साहेबांनी भाषणात सांगितलं की खासगी सहभागातून विकास कसा होतो याचं हे उत्तम उदाहरण आहे. टाळ्या पडल्या. मास्तरांनी आभार मानले. सिस्टर ड्यूटीवर होती. तिची आई मात्र दारात खुर्ची टाकून बसली होती. डाव्या हातानं कपाळावर सावली धरून तिनं सगळं पाहिलं आणि फीत कापण्याआधीच आत निघून गेली.

मी दाखला दिला, त्याच दिवशी, कबूल केल्याप्रमाणे. रस्त्याकडचे दहा प्लॉट महिनाभरात विकले गेले. डीपीचा खर्च सेठनं त्यांच्या भावात घातला, हे उघड आहे. माझी बदली झाली. प्रशासकीय कारण, असं पत्रात होतं. मी उरलेली वर्षं दुसऱ्या तालुक्यात काढली. मुदतवाढीच्या दोन सह्यांबद्दल मला कोणी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज लिहिते आहे.

नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात एक तरुण प्लॉटवाला आला. टेम्पररी कनेक्शन हवं होतं, कमानीसाठी. मी त्याला परवानगीची प्रत मागितली. त्यानं दिली. मी ती शेवटच्या पानापासून त्याच्यासमोर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. महत्त्वाच्या अटी नेहमी शेवटी असतात. लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं की तिथवर कोणी पोचत नाही. तिसऱ्या अटीला त्यानं घड्याळ पाहिलं, पाचव्या अटीला त्याला फोन आला. "मॅडम, उद्या येतो," म्हणाला आणि फाइल उचलून गेला.

तो उद्या काही आला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याचा माणूस आला आणि डीपीच्या एस्टिमेटचा अर्ज देऊन गेला.